होम स्टुडिओची वीज: टेबलाजवळ दोन बटणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लॅटमधल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ आहे. कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा आणि परत बाहेर आणणारा डबा), दोन चॅनलचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा), कीबोर्ड, पाच इंची पॉवर्ड मॉनिटरची, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेल्या स्टुडिओ स्पीकरची, जोडी आणि एक सबवूफर. प्रत्येकाचं बटण वेगळ्या जागी. मॉनिटरचं तर पाठीमागे, भिंतीला लागून. रोज काम सुरू करताना आणि संपवताना टेबलाखाली वाकायचं, हात मागे घालून चाचपडायचं. हे सगळं एका बटणावर आणता येईल का, आणि आणलं तर काही बिघडेल का?

आणता येतं. फक्त एका बटणावर आणू नका, दोन बटणांवर आणा, आणि कॉम्प्युटरला दोन्हींच्या बाहेर ठेवा. होम स्टुडिओंच्या जोडण्या करून देणं हे माझं रोजचं काम आहे. खोली केवढीही असो, सामान कितीही महाग असो, मी याच रचनेपासून सुरुवात करतो. पहिलं बटण इंटरफेस, प्रीअँप, कीबोर्ड अशा आवाज तयार करणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या वस्तूंचं. दुसरं बटण फक्त मॉनिटर आणि सबवूफरचं. सुरू करताना पहिलं, मग दहा-पंधरा सेकंदांनी दुसरं. बंद करताना उलट: आधी दुसरं, मग पहिलं.

हा क्रम का, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. प्रीअँप किंवा मिक्सरच्या आतलं ऑडिओ सर्किट बहुधा अधिक आणि उणे अशा दोन व्होल्टेजवर चालतं, बऱ्याचदा अधिक-उणे १५ व्होल्ट. वीज दिली की ही दोन्ही नेमकी एकाच क्षणी उभी राहत नाहीत. एक थोडं आधी पोचतं, दुसरं मागून. त्या मधल्या काळात आउटपुटवर डीसीचा झटका येतो आणि मॉनिटर आधीच चालू असतील तर ते तो इमानाने मोठा करून वूफरला देतात. तोच तो ‘धप्प’ आवाज. बंद करतानाही तेच होतं, उलट कधी कधी जास्त वाईट, कारण आतले कपॅसिटर आपापल्या वेगाने रिकामे होतात आणि एखादा प्रीअँप मरता मरता चिरकतो. चांगल्या उपकरणांच्या आउटपुटवर रिले बसवलेला असतो. तो दोन-चार सेकंद थांबून मग लाइन जोडतो. चालू केल्यावर आतून ‘टिक’ ऐकू येतं ते त्याचंच. तुमच्या सगळ्या वस्तूंत तो असेलच असं नाही, आणि मॉनिटर कमी आवाजावर ठेवलेत म्हणून धोका टळला असंही नाही. हेडफोनलाही हेच लागू आहे. बटण दाबताना हेडफोन कानावर नको, टेबलावर हवा.

मॉनिटर आणि इंटरफेस एकाच बटणावर असतील तर काय? आधुनिक मॉनिटर स्वतः सुरू होताना दोन-तीन सेकंद म्यूट राहतात, त्यामुळे चालू करताना बहुतेक वेळा निभावतं. बंद करताना निभावत नाही. मॉनिटरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये अजून दम असतो, इंटरफेस आधी मान टाकतो, आणि धप्प.

आता कॉम्प्युटर. त्याला बटणावर घेऊ नये याचं कारण उघड आहे: तो नीट शटडाउन झाल्याशिवाय वीज तोडायची नसते. बाहेरच्या हार्ड डिस्कचं तसंच. रेकॉर्डिंग संपलं, घाईत हात बटणावर गेला आणि डिस्क अजून लिहीत होती, एवढंच पुरतं. कॉम्प्युटर, स्क्रीन, हार्ड डिस्क आणि राउटर हे यूपीएसवर किंवा वेगळ्या सॉकेटवर राहू द्या. तुमचा इंटरफेस यूएसबीवरच चालत असेल, वेगळा अडॅप्टर नसेल, तर तोही कॉम्प्युटरच्याच कुटुंबातला. लॅपटॉप झोपेतून उठला की तोही उठतो आणि टिचकी मारतो. म्हणून मॉनिटरचं बटण वेगळं असणं अशा वेळी आणखी गरजेचं.

खर्च करायच्या आधी एक चाचणी करा. कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क सोडून प्रत्येक उपकरण चालू ठेवून, मॉनिटरचं भिंतीवरचं बटण बंद असताना, त्या उपकरणाचं भिंतीवरचं बटण बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि बघा ते आपोआप जिवंत होतं का. ज्यांच्या अंगावर खटका असतो, म्हणजे दाबला की आत राहणारा किंवा इकडून तिकडे पडणारा, ती सरळ चालू होतात. ज्यांना मऊ बटण असतं, दाबून सोडायचं, ती बहुतेक वेळा वीज आल्यावरही गप्प बसतात. काही कीबोर्ड तर बंद होताना सेटिंग साठवतात. त्यांची वीज मागून तोडली तर साठवणं राहून जातं. अशी वस्तू पहिल्या बटणावर असली तरी तिचं स्वतःचं बटण तुम्हाला रोज दाबावं लागेल. ते आधी कळलेलं बरं.

लोडची काळजी लोक फार करतात आणि चुकीच्या जागी करतात. इंटरफेस दहा-पंधरा वॉट, प्रीअँप तेवढाच, कीबोर्ड अडॅप्टरवर वीसेक, पाच इंची मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर चाळीस-पन्नास वॉट लिहिलेलं असतं, सबवूफर शंभर-दीडशे. सगळं मिळून तीनशे वॉटच्या आत. आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १३८० वॉट चालतात. तेव्हा रोजच्या लोडचा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे पहिल्या क्षणाचा. २३० व्होल्ट म्हणजे लाटेच्या टोकाला सुमारे ३२५ व्होल्ट. स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये आत शिरताच एक मोठा रिकामा कपॅसिटर असतो आणि तुम्ही बटण नेमकं लाटेच्या टोकाला दाबलंत तर तो एका दमात करंट ओढतो. छोट्याशा सप्लायच्या माहितीपत्रकातही थंड स्थितीत ३० ते ६० अँपिअर असा आकडा दिसतो. हे टिकतं मिलिसेकंदाच्या आसपास, पण पाच-सहा वस्तू एकाच बटणावर एकाच क्षणी चालू झाल्या की त्यांची बेरीज होते. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असलेला जुना पॉवर अँप असेल तर त्याचा झटका आणखी लांब चालतो. यातून दोन गोष्टी होतात. एक, डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतला, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका) विनाकारण पडतो. बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या तीन ते पाच पट करंटला झटकन पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहा पट. घरातला ६ अँपिअरचा बी कर्व्ह असा वारंवार पडत असेल तर वायरमनला सांगून त्याच रेटिंगचा सी कर्व्ह बसवता येतो. रेटिंग वाढवून घ्यायचं नाही; एमसीबी वायरचं रक्षण करतो आणि वायर तीच आहे. दुसरी गोष्ट, ६ अँपिअरच्या मॉड्युलर बटणाचे कॉन्टॅक्ट रोज ठिणगी खाऊन काळे पडतात आणि एक दिवस चिकटतात. म्हणून लोड कितीही कमी असला तरी स्टुडिओच्या दोन मुख्य बटणांसाठी मी १६ अँपिअरचंच बटण वापरतो. किमतीत फरक किरकोळ आहे, कॉन्टॅक्ट मात्र जाड मिळतात.

आता प्रत्यक्ष मार्ग.

सगळ्यात सोपा म्हणजे दोन स्पाइक गार्ड. एक पहिल्या गटाचा, एक मॉनिटरचा. दोन्ही जमिनीवर टाकू नका. टेबलाच्या कडेला, हात सहज पोचेल अशा उंचीवर स्क्रूने पक्के करा. रोजचं वाकणं एवढ्यानेच संपतं आणि भाड्याच्या घरात याहून जास्त काही करायची गरज नसते. मात्र स्पाइक गार्ड निवडताना नुसतं वरून बघू नका. स्वस्तातला उघडला की आत पितळेच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या दिसतात, त्यांना झाळलेली बारीक वायर, आणि फेज-न्यूट्रलच्या मधे नखाएवढी एक निळी किंवा पिवळी चकती. ती चकती म्हणजे एमओव्ही, व्होल्टेजचा झटका शोषून घेणारा भाग. प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी झिजते आणि एक दिवस निकामी होते. वरचा लाल दिवा मात्र तसाच लागलेला राहतो. म्हणून ‘सर्ज संरक्षण चालू आहे’ हे दाखवणारा वेगळा दिवा असलेला घ्या. सॉकेट आपल्या तीन पिनेची असावीत, आयएस १२९३ प्रमाणे. जगभरची कोणतीही पिन घेणारी ‘युनिव्हर्सल’ सॉकेट कोणतीच पिन घट्ट धरत नाहीत. सैल पिन गरम होते, प्लास्टिक पिवळं पडतं, आणि मॉनिटरमधून अधूनमधून चरचर येते. ती चरचर लोक इंटरफेसमध्ये शोधत बसतात.

पिनेचाच एक प्रकार इथे सांगायलाच हवा, कारण तो जिवावर बेतू शकतो. बाहेरून आणलेल्या मॉनिटरसोबत पुष्कळदा युरोपातली पॉवर केबल येते, दोन गोल पिनांची. तिचं अर्थिंग बाजूच्या पत्र्याच्या पट्टीत असतं. त्या दोन गोल पिना आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत सहज जातात, मॉनिटर चालू होतो, सगळं ठीक वाटतं. अर्थिंग मात्र कुठेच जोडलेलं नसतं. एका गायकाच्या खोलीत मला बोलावलं होतं ते ‘माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात’ म्हणून. रॅकमधल्या प्रीअँपला हीच केबल होती. मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा लागत होता. मीटरवर अर्थच्या तुलनेत शंभरच्या वर व्होल्ट. पॉवर सप्लायच्या आत फेजकडून आणि न्यूट्रलकडून डब्याला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग तुटलं की डबा या दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर. करंट अगदी कमी असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. आतला एखादा भाग बिघडला तर भागणार नाही. उपाय साधा: कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारी, आपल्या तीन पिनेची पॉवर केबल. मॉनिटरच्या बाजूचं टोक बहुतेक वेळा तेच असतं.

याउलट घुर्र आवाज घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापणारे लोकही मी बघतो. कृपा करून हे करू नका. ५० किंवा १०० हर्ट्झची घुर्र बहुधा वेगवेगळ्या जागच्या अर्थिंगमुळे येते. स्टुडिओचं सगळं सामान एकाच सर्किटवरून, एकाच बोर्डपासून घेतलं की ती बऱ्याचदा निम्म्याहून कमी होते, आणि उरलेली बॅलन्स्ड केबलने (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळं शील्ड असलेल्या) जाते. म्हणजे तुम्ही वीज एका जागी गोळा करताय त्याचा हा वरचा फायदा. घरात थ्री-फेज जोडणी असेल तर जास्तच लक्ष द्या: मॉनिटर एका फेजवर आणि इंटरफेस दुसऱ्यावर असं होऊ देऊ नका. दोन फेजमध्ये चारशे व्होल्टचा फरक असतो.

घर स्वतःचं असेल तर मला सगळ्यात पसंत असलेला मार्ग भिंतीतला आहे. वायरमनला सांगून टेबलाच्या वर, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर एक छोटी मॉड्युलर प्लेट बसवून घ्या. तिच्यात १६ अँपिअरची दोन बटणं, दोन्हींना इंडिकेटर. सॉकेट मात्र या प्लेटमध्ये नकोत. ती टेबलामागे खाली, दोन पट्ट्यांत, पहिल्या बटणाची सहा आणि दुसऱ्याची चार. वायर अडीच स्क्वेअर एमएम, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून पीव्हीसीची पट्टी मारूनही होतं आणि टेबलामागे ती दिसतही नाही. मॉनिटरची स्वतःची पाठीमागची बटणं कायमची चालू ठेवायची आणि विसरून जायचं. वायरमन दिवसभरात करून देतो, आणि पुढची कित्येक वर्षं त्याकडे बघावं लागत नाही. काम झाल्यावर त्याच्याकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, घरातला लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल तपासायला हवं, आणि ते काम स्टुडिओच्या बटणांच्या आधीचं आहे.

इथपर्यंत सगळं चालू-बंद करण्याच्या सोयीचं झालं. पण आपल्याकडे वीज आपण बंद करतो त्यापेक्षा ती आपली आपण जाते हा मोठा प्रश्न आहे. पुण्यात गुरुवार म्हटला की महावितरणच्या देखभालीच्या कामांची आठवण सगळ्यांना असते. बाकी ठिकाणी पहिल्या वळवात काय होतं ते सांगायला नको. लाइट जाणं तितकं वाईट नसतं, येणं वाईट असतं. येताना ती एकदा येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. पॉवर सप्लायमध्ये पहिला झटका आवरायला एनटीसी नावाचा एक भाग असतो. तो थंड असताना करंट अडवतो आणि गरम झाला की वाट मोकळी करतो. वीज जाऊन लगेच आली तर तो अजून गरमच असतो आणि काहीच अडवत नाही. अशा वेळी फ्यूज उडतात, रेक्टिफायर जातात. म्हणून बंद केलेली कुठलीही वस्तू पुन्हा चालू करण्याआधी अर्धा मिनिट थांबायची सवय लावा. आणि लाइट गेली की पहिलं काम, दोन्ही बटणं बंद. लाइट येऊन दोन-तीन मिनिटं टिकली की मग चालू.

आपण घरी नसताना लाइट गेली-आली तर? इथे साध्या बटणाचा उपयोग संपतो आणि कॉन्टॅक्टरचा, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की लाइन जोडणाऱ्या स्विचचा, सुरू होतो. माझ्या मते आपल्या परिस्थितीत हा सगळ्यात शहाणपणाचा उपाय आहे, आणि होम स्टुडिओवाल्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो. पिठाच्या गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये हिरवं आणि लाल बटण असलेला स्टार्टर बघितला असेल. हिरवं दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद, आणि लाइट जाऊन आली तर मोटर आपोआप चालू होत नाही, कोणीतरी येऊन हिरवं दाबावं लागतं. आपल्याला हवंय नेमकं तेच.

यासाठी डीबीच्या रेलवर बसणारा चार पोलचा (चार तारा एकदम जोडणारा-तोडणारा), २५ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा मॉड्युलर कॉन्टॅक्टर घ्यायचा. दोन पोल फेज आणि न्यूट्रलला, म्हणजे बंद असताना दोन्ही तारा तुटतात. साधं बटण फक्त फेज तोडतं. तिसरा पोल होल्डिंगला: फेज आधी लाल बटणातून जाते, मग हिरव्यातून कॉइलला, आणि तिसरा पोल हिरव्या बटणाला समांतर जोडलेला. हिरवं दाबलं की कॉइल ओढते, तिसरा पोल जोडला जातो, आणि बोट उचललं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. वीज गेली की सुटते आणि सुटलेलीच राहते. चौथा पोल शिल्लक. सोबत ६ अँपिअरचा एमसीबी आणि बंद डबा. टेबलावर येतात ती फक्त दोन पुश बटणं, पण त्यांच्यातही २३० व्होल्ट आहेत, म्हणून तीही बंद डबीतच हवीत. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या; त्याला ‘स्टार्टरसारखं होल्डिंग’ एवढं सांगितलं की समजतं. एक अडचण आधीच सांगतो: साध्या एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर बारीक गुणगुणतो, आणि रात्री माइक उघडा असताना ती गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येते. डबा खोलीबाहेर पॅसेजमध्ये, मुख्य डीबीशेजारी बसवा, किंवा विनाआवाजाचा म्हणून मिळणारा कॉन्टॅक्टर मागा.

एक कॉन्टॅक्टर मुख्य आणि त्यापुढे मॉनिटरसाठी साधं बटण, एवढं तुम्हाला पुरेल. हौस असेल तर मॉनिटरसाठी दुसरा कॉन्टॅक्टर आणि त्याच्या कॉइलला ऑन-डिले टायमर लावून, दहा सेकंदांनी मॉनिटर आपोआप चालू होतील असंही करता येतं. बंद करताना मात्र क्रम उलटा हवा असतो आणि त्यासाठी जोडणी वाढते. मी तिथे साधं बटणच ठेवतो.

स्मार्ट प्लगबद्दल हल्ली सगळ्यात जास्त विचारतात. मोबाइलवरून किंवा बोलून चालू-बंद, दोन प्लग, दहा सेकंदांचं अंतर असलेला क्रम ॲपमध्ये बांधता येतो, आणि हे खरंच सोयीचं आहे. १६ अँपिअरचे घ्या, रिले थोडा दणकट असतो. पण घेतल्यावर पहिल्यांदा ॲपमध्ये जाऊन एक सेटिंग बघा: वीज परत आल्यावर प्लगने काय करायचं. बऱ्याच प्लगमध्ये ‘आधी होतं तसं’ हे ठरलेलं असतं, म्हणजे तुम्ही काम करत असताना लाइट गेली तर येताना सगळं एकदम चालू होईल. ते बदलून ‘बंदच राहा’ करा. हे सेटिंगच नसलेला प्लग स्टुडिओसाठी घेऊ नका. दुसरं, लाइट आल्यावर राउटर उभा राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर ॲप चालत नाही. म्हणून अंगावर हाताने दाबायचं बटण असलेलाच प्लग हवा, आणि तो हाताशी हवा. टेबलामागे भिंतीत अडकलेला असेल तर पुन्हा वाकणं आलंच.

कॉम्प्युटर चालू झाला की बाकीचं चालू करणारे मास्टर-स्लेव्ह बोर्ड मला या कामासाठी पटत नाहीत. कॉम्प्युटर किती करंट ओढतोय यावर ते निर्णय घेतात. स्लीपमध्ये गेला की सगळं बंद, आणि तेही एकदम, म्हणजे धप्प ठरलेला.

रॅकमध्ये बसणारे पॉवर कंडिशनर आणि सिक्वेन्सर दिसायला देखणे असतात. तुमच्याकडे रॅक नाही आणि सहाच वस्तू आहेत, तेव्हा गरज नाही. पुढे आठ-दहा रॅक उपकरणं झाली तर सिक्वेन्सर जरूर घ्या. एक किल्ली फिरवली की तो ठरलेल्या अंतराने एकेक सॉकेट चालू करतो आणि बंद करताना उलट क्रमाने जातो. फक्त व्होल्टेज तपासा. फर्मनसारख्या अमेरिकन कंपन्यांची मूळ मॉडेलं १२० व्होल्टची असतात, २३० व्होल्टची वेगळी मिळतात, आणि नातेवाइकाने अमेरिकेतून प्रेमाने आणलेला सिक्वेन्सर इथे एका सेकंदात जातो. एवढी उपकरणं झाली की आरसीसीबीकडेही (करंट अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा खटका) बघावं लागतं. प्रत्येक पॉवर सप्लाय थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. दहा-बारा उपकरणांची गळती मिळून तो काठावर आला की कारण नसताना पडायला लागतो. तो काढून टाकायचा नाही. स्टुडिओच्या सर्किटला स्वतंत्र आरसीसीबी द्यायचा.

मॉनिटरमधल्या ऑटो-स्टँडबायवर विसंबू का, असंही पुष्कळजण विचारतात. युरोपीय संघाचे वीजबचतीचे नियम कडक झाल्यापासून तो पुष्कळ मॉनिटरमध्ये येतो. वीज वाचवायला चांगला, कामात त्रासाचा. सिग्नल ठरावीक पातळीखाली काही वेळ गेला की मॉनिटर झोपतो. विलंबित आलापाचं एडिटिंग करताना तुम्ही थांबून विचार करत बसलात, मग पुन्हा प्ले केलं, तर सुरुवातीचा षड्ज गिळला जातो आणि वाटतं आपणच चुकीच्या जागी कापलं. जेनेलेकमध्ये याला आयएसएस म्हणतात आणि मागच्या बारीक स्विचने तो बंद करता येतो. इतरांतही बहुतेक वेळा सोय असते. बंद करा. दोन बटणं हाताशी आली की त्याची गरज राहत नाही. वीज किती वाचते याचाही हिशेब सोपा आहे: वर्षभर सतत ओढलेला एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट. सहा-सात वस्तू मिळून नुसत्या बसल्या बसल्या वीस वॉट खात असतील तर वर्षाला १७५ युनिट. रात्री दोन्ही बटणं बंद करण्याला तेवढं कारण पुरे.

दिवसा मात्र सारखं चालू-बंद करू नका. जेवायला उठलात, फोन आला, तर मॉनिटरची वीज तोडायची नाही, इंटरफेसवरचं म्यूट किंवा डिम दाबायचं. कंडेन्सर माइकची ४८ व्होल्टची फँटम (माइकला त्याच्या केबलमधूनच मिळणारी वीज) देताना किंवा काढताना, माइकची केबल उपसतानाही तसंच. नळीचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) प्रीअँप किंवा माइक असेल तर तो काम सुरू करायच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवा, पहिल्या बटणावर, मॉनिटर बंदच ठेवून. गटांची वाटणी अशी केल्याचा उपयोग तिथेही दिसतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतात आणि ती गुरगुर मॉनिटरमधून ऐकू येते. इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि यूएसबीवरचा इंटरफेस घ्या, म्हणजे लाइट गेली तरी घेतलेला टेक सुरक्षित साठवता येईल. मॉनिटर आणि सबवूफर इन्व्हर्टरच्या लाइनवर नकोत. गेले तर जाऊ देत.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट कुठलंच बटण करत नाही. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कडाडतात. जवळ कुठे पडली तर बंद बटणाच्या कॉन्टॅक्टमधलं ते मिलिमीटरभर अंतर तिला अडवत नाही, आणि स्पाइक गार्डमधली चकती तर नाहीच नाही. म्हणून टेबलामागच्या दोन्ही पट्ट्यांना येणारी वीज प्लगने येईल अशी रचना करता आली तर करा: प्रत्येक पट्टीसाठी भिंतीवरच्या बटणाचं एक १६ अँपिअरचं सॉकेट, त्यात त्या पट्टीचा प्लग, हात पोचेल अशा जागी. गडगडाट सुरू झाला की दोन प्लग उपसायचे. कॉम्प्युटरचाही. ब्रॉडबँड तांब्याच्या तारेने येत असेल तर राउटरकडून कॉम्प्युटरला आलेली लॅन केबलही काढा, कारण मदरबोर्ड आणि त्याला जोडलेला इंटरफेस त्या वाटेनेही जातो.